शनिवारची नखं

आमच्या बाई माणसाला तोंडावरून ओळखत नसत, पायावरून ओळखत. मी काही वाढवून सांगत नाही. शाळा सुटल्यावर सतरा-अठरा वर्षांनी त्या मला राजीव चौकच्या मेट्रो स्टेशनवर भेटल्या, तेव्हा त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर क्षणभरही थांबली नाही. ती सरळ खाली माझ्या सँडलवर गेली. "तू ती पाचवी ब मधली ना? उजवा अंगठा, आतली बाजू," त्या म्हणाल्या. "आता बरा दिसतोय. गोल कापत नाहीस ना?" माझं नाव त्यांना त्या दिवशी शेवटपर्यंत आठवलं नाही. माझ्याबरोबर ऑफिसचे चार जण होते. मी कानापर्यंत लाल झाले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. तेवढ्यात शेजारून एक हवालदार चालला होता, चांगला सहा फुटी, मिशीवाला. बाईंनी त्यालाच हटकलं.

"बेटा, अंगूठा पक गया है ना?"

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि आपल्याला मध्ये पडावं लागणार. पण तो गडी जागच्या जागी थांबला.

"आपको कैसे पता, माताजी?"

"एड़ी पे चल रहा है तू. जूता एक नंबर बड़ा ले. और खुद ब्लेड मत चलाना, डॉक्टर को दिखा."

"जी," तो म्हणाला, आणि शाळेतल्या पोरासारखी मान हलवून निघून गेला. माझे सहकारी माझ्याकडे बघत राहिले. "यार, ये कौन हैं?" एकीने विचारलं. मी म्हणाले, "माझ्या भूगोलाच्या बाई." हे उत्तर कुणालाच पटलं नाही.

बाई उंच आणि काटकुळ्या होत्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पायात उघड्या चपला. दिल्लीच्या जानेवारीत, समोरचं माणूस दिसत नाही अशा धुक्यातसुद्धा त्या उघड्याच चपला घालून शाळेत यायच्या. पिशवीत भूगोलाचं पुस्तक असे आणि त्याखाली एक पितळी डबी. डबीत मोठं नेलकटर, बारीक कानस, स्पिरिटची बाटली, कापूस आणि पेनाएवढी टॉर्च. हे सगळं कशापायी, याबद्दल शाळेत बऱ्याच कथा होत्या. कुणी म्हणे त्यांचा भाऊ गेला त्यात, कुणी म्हणे त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मी एकदा धीर करून विचारलं होतं. "कारण कशाला हवं?" त्या म्हणाल्या. "पाय आहेत म्हणून."

पहाडगंजात मराठी शाळा आहे, हे ऐकून पुण्या-मुंबईची माणसं अजून चकित होतात. त्या शाळेत नखं तपासायची पद्धत होती, तशी ती सगळ्याच शाळांत असते. प्रार्थनेच्या रांगेत हात पुढे करायचे आणि मागच्या मागे बोटं दुमडून घ्यायची, हे आम्हा सगळ्यांना येत होतं. पण पाचवीतल्या पहिल्या शनिवारी बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "बूट काढा. मोजेपण."

आम्ही सगळ्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. शनिवारी कवायत असायची, पांढरे कॅनव्हासचे बूट असायचे, आणि त्या बुटांच्या आत काय काय दडलेलं असायचं ते आमचं आम्हाला माहीत होतं. कुणाच्या मोज्याला भोक, कुणाचे दोन वेगळे मोजे, कुणाचे मोजेच नाहीत. माझ्या शेजारची मुलगी तर रडायलाच लागली. बाईंनी काही समजावलं नाही. खुर्चीवर बसल्या, चपला काढल्या, दोन्ही पाय टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "आधी माझे बघा." आमच्यासाठी हा पहिल्यापेक्षा मोठा धक्का होता. शिक्षिका आणि टेबलावर पाय! आम्ही चाळीस मुली एकेक करून टेबलापाशी गेलो आणि बाईंची नखं बघून आलो. सरळ, स्वच्छ, पट्टीने आखल्यासारखी.

मग त्यांनी फळ्यावर महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी दोन नखं काढली. एक सरळ कापलेलं, एक कोपरे गोल करून आत खोल कापलेलं. दुसऱ्यावर फुली मारली. "हे कोपरे तुम्ही छाटता. वाढताना ते मांसात घुसतात. मग सूज, मग पू, मग आई म्हणते हळद लाव. सरळ कापायचं, फार आखूड नाही, आणि बुटात बोटं हलली पाहिजेत. कळलं?" आम्हाला सह्याद्रीच्या रांगा आजही सांगता येणार नाहीत, पण नख कसं कापायचं ते विचारा. त्यापुढे दर शनिवारी बाकावरच्या जोडीने एकमेकींचे पाय तपासायचे आणि वाढलेली नखं त्याच दिवशी घरी कापायची, असा नियम झाला. "आपला पाय आपल्याला नीट दिसत नाही, दुसऱ्यालाच दिसतो," असं त्या म्हणायच्या, आणि तेही भूगोलाच्याच आवाजात, जणू हा नदीच्या उगमाचा मुद्दा आहे.

माझा अंगठा त्याच वर्षी सुजला. आतल्या बाजूने लाल, बुटात टेकवला की डोळ्यांत पाणी. बाईंनी मला मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावलं, टबात कोमट मिठाचं पाणी केलं आणि पाय बुडवायला लावला. रिकाम्या तासाला बाई तिथे वाती वळत बसत. कापूस, पाटी, मांडी, आणि तळहाताखाली बारीक पांढऱ्या वाती तयार होत जायच्या. घरच्या देवासाठी असत त्या. त्यातलीच एक कोरडी वात त्यांनी उचलली, तिचा केसाएवढा तुकडा तोडला आणि चिमट्याने अलगद माझ्या नखाच्या कडेखाली सरकवला, नख मांसापासून जरा उचललं जावं म्हणून. "रोज बदलायची. कोरडीच घ्यायची," त्यांनी सांगितलं. देवाची वात पायाला! घरी आईला सांगितलं तेव्हा तिने आधी देवघराकडे बघितलं आणि मग माझ्या अंगठ्याकडे. दोन आठवड्यांत अंगठा बरा झाला. मात्र बाईंनी माझ्या डायरीत लिहिलं: "बूट बदला. मुलीचे पाय वाढतात, बूट वाढत नाहीत."

ही ओळ वाचून आमच्या बाबांचं टाळकं सरकलं.

बाबांची ओळख करून द्यायला हवी. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि त्यांचा सगळा मान त्यांच्या काळ्या बुटांत होता. अरुंद टोकाचे, चामड्याचे, रोज सकाळी स्वतः पॉलिश केलेले. घरात बाबांना अनवाणी चालताना पाहिल्याचं मला आठवत नाही. आंघोळीहून येतानासुद्धा स्लिपर असे. आणि शनिवारी आमच्याकडे नेलकटर कपाटाबाहेर निघत नसे. शनिवारी नखं कापणं म्हणजे घरात काहीतरी ओढवून घेणं, यावर आई-बाबांचं पूर्ण एकमत होतं, जे एरवी फारच कमी गोष्टींवर असे. तर बाबा पुढच्या शनिवारी तणतणत शाळेत गेले. मी दाराशी उभी होते.

"अहो बाई, तुम्ही मुलींना शनिवारी नखं कापायला लावता?"

"नखं शनिवारीही वाढतात हो," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांची नजर खालीच होती. "तुमच्या बुटांचं टोक फार अरुंद आहे. आज नाही, पण पुढे त्रास होईल."

बाबांना आजवर कुणी त्यांच्या बुटांबद्दल वाईट बोललं नव्हतं. ते तडक मागे वळले. त्या दिवसापासून आमच्या घरात बाईंचं नाव 'नखवाल्या बाई' पडलं, आणि जेवताना कुणी विचित्र वागलं की बाबा म्हणत, "नखवाल्या बाईंच्या वर्गात पाठवा याला." वातीची गोष्ट तर ते पाहुण्यांना रंगवून सांगत. आम्ही हसायचो. मीपण हसायचे, हे मला आज कबूल करायला हवं.

निवृत्तीनंतर बाई मुनिरकाच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. का, ते कुणाला कळलं नाही. भोवती सगळे विद्यार्थी, मोमोच्या गाड्या, डोक्यावर वायरींचं जाळं. राजीव चौकच्या भेटीनंतर मी एकदा तिथे गेले, तर जिन्यात चार मुलं रांगेत बसलेली, बूट हातात घेऊन. एक मणिपूरची मुलगी, एक बिहारचा मुलगा, दोघे कुठले कोण जाणे. आत बाई एकाच्या पायावर टॉर्च मारून म्हणत होत्या, "ये पीला और मोटा नाखून फंगस है. अपना नेलकटर किसी को मत देना, किसी का लेना भी नहीं. स्किन के डॉक्टर के पास जा." मला वाटलं होतं, बाई म्हाताऱ्या आणि एकट्या असतील, त्यांना जरा सोबत करावी. त्यांना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता.

आता बाबांकडे येते, कारण बाईंचं खरं दर्शन मला बाबांमुळे झालं.

बाबांना बारा-तेरा वर्षं शुगर आहे. दर रविवारी सकाळी आई वर्तमानपत्र पसरून त्यांच्या पायांची नखं कापायची. बाबा पेपर वाचत बसायचे आणि ती खाली बसून कट-कट करत राहायची. ते दृश्य इतकं नेहमीचं होतं की मी कधी त्याकडे बघितलंच नाही. आई गेली, आणि तो रविवार बंद झाला. बाबांचं पोट सुटलेलं, त्यांना खाली वाकता येत नव्हतं, आणि मुलीला पाय दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मीही विचारलं नाही. मी गुडगावला जाऊन-येऊन थकलेली असायचे, ही सबब मी दोन वर्षं स्वतःला देत होते.

मे महिना होता. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने नोएडात फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. बाबाही आले. मंडळी चाळीसेक. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, आणि त्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बाई. कुठल्याही समारंभात त्या तिथेच बसत, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघायला. बाबांनी त्यांना ओळख दिली नाही. बूट काढले आणि मोज्यांवरच आत गेले.

बाहेर ऊन चव्वेचाळीस डिग्री. सगळी माणसं थंडगार पांढऱ्या फरशीवर सुखाने अनवाणी फिरत होती. एकटे बाबा मोज्यांत. मी एकदा म्हटलं, "बाबा, मोजे काढा ना." "राहू दे," ते म्हणाले.

आरती सुरू झाली. माझ्या मागून बाई पुढे येताना दिसल्या. त्या खाली बघत, हळूहळू चालत होत्या. मी त्यांच्या नजरेबरोबर खाली बघितलं. पांढऱ्या फरशीवर दारापासून बाबांपर्यंत ओलसर, पिवळट ठसे उमटले होते. एकाच पायाचे.

"मोजे काढा," बाई म्हणाल्या. टाळ्या चालू होत्या, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाई, इथे तमाशा नको," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"काढा."

"नाही म्हटलं ना!"

आणि मग बाईंनी जे केलं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्या वाकल्या आणि थेट बाबांच्या पायाशी गेल्या, नमस्कार करायला वाकतात तशा. पंचाहत्तरी गाठलेली, बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, अर्ध्या खोलीला शिकवलेली बाई बाबांच्या पाया पडत होती! आरती थांबली. गुरुजींच्या हातातलं निरांजन थांबलं. बाबा दगड झाले. वडीलधाऱ्या बाईंना पाया पडू द्यायचं नाही, मागे सरकायचं, हे त्यांच्या रक्तात होतं, पण मागे सरकायलाही त्यांना सुचेना. "अहो बाई, काय करता!" एवढंच ते म्हणाले. तेवढ्या क्षणात बाईंनी त्यांचा घोटा पकडला आणि मोजा खाली ओढला.

वास आधी आला. मग मी बघितलं. उजवा अंगठा काळानिळा झाला होता, टोकाला तर कोळशासारखा. नखाचा कोपरा ब्लेडने खोल कापलेला. आणि त्या कोपऱ्यात, पुवाने माखलेली, चिकट, पिवळी एक वात होती.

मला वाटलं होतं, बाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांत मी बाईंना हबकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "हिच्या पायाला लावली होती ना तुम्ही? बरा झाला होता अंगठा. देवघरातल्या डबीतल्या फुलवाती घेतल्या. हिच्या आईने वळून तुपात भिजवून ठेवलेल्या होत्या. म्हटलं, तूप औषधीच असतं."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला असेल. दुखत तर काहीच नाही."

"दुखत नाही," बाई म्हणाल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघून किंचाळल्या, "गाडी बोलव! आत्ता!"

अंगठा गेला. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, शुगरने पायाची जाणीव गेली होती, त्यामुळे त्यांना काही कळलंच नाही. अजून चार-पाच दिवस गेले असते तर घोट्यावरून कापावा लागला असता. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, बाई शेजारी होत्या.

"मोजे कोण धुतं तुमच्याकडे?" त्यांनी एकदम विचारलं.

"मशीन," मी म्हणाले.

"मशीनमध्ये कोण टाकतं?"

मला तीन आठवड्यांपूर्वीचा मोजा आठवला. टोकाला चहाच्या रंगाचा कडक डाग होता. मी तो हातात घेतला होता, बघितला होता, आणि मशीनमध्ये टाकून झाकण लावलं होतं. देवघरातली फुलवातींची डबी रिकामी होत चालली होती तेही मला दिसलं होतं. दिवा मीच लावायचे, तोही सणावारीच. मला दिसलं सगळं होतं. बाबांना विचारायची भीती वाटली, कारण ते चिडले असते. एवढ्यासाठी मी माझ्या बापाचा पाय जाऊ देणार होते.

मी हे सगळं बाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या माझी चांगली कानउघाडणी करतील. त्या हातातल्या पितळी डबीशी चाळा करत राहिल्या.

"मी इतक्या मुलींच्या अंगठ्याला वात लावली," त्या म्हणाल्या. "ती कुणाला लावायची नाही, हे एकदाही शिकवलं नाही. मुलांना कुठे शुगर असते, म्हटलं. मुलांच्या घरी बाप असतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

त्या दिवसानंतर बाईंनी कुणाच्या पायाला वात लावली नाही. मुनिरकाच्या जिन्यात त्यांचा पहिला प्रश्न आता 'शुगर है क्या?' असा असे, आणि उत्तर हो असलं की पायाला हातही न लावता त्या डॉक्टरचा पत्ता देत. बाबांसाठी मात्र त्यांनी वेगळंच ठरवलं. घरी आल्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या जनकपुरीच्या घराची बेल वाजली. मी दार उघडलं तर बाई मेट्रोने आलेल्या, हातात एक हातआरसा.

"तळपाय बघायला," त्या म्हणाल्या.

बाबांनी तोंडावर पेपर धरला. चारचौघांत मोजा ओढल्याबद्दल त्यांनी बाईंना माफ केलं नव्हतं, आणि ते बोलूनही दाखवलं नव्हतं. पण पाय पुढे केले. बाईंनी टॉर्च मारून एकेक बोट, बोटांमधली जागा, टाचा, सगळं बघितलं, नखं सरळ कापली, कानशीने कडा घासल्या. मी जवळ गेले तर बाबा पेपरामागूनच म्हणाले, "तिने बघायची गरज नाही."

"हट्टी आहेत," बाई जाताना मला दारात म्हणाल्या. "पण पाय शहाणे आहेत." पुढच्या खेपेला त्यांनी कुठूनशा रुंद, मऊ, पुढून उघड्या चपला आणून दिल्या. बाबांनी त्यांना "म्हाताऱ्याचं पायताण" म्हटलं आणि कपाटाखाली सारल्या. स्वतःचे काळे बूट त्यांना आता नीट घालता येत नव्हते, तरी रोज सकाळी त्यांना पॉलिश होतच होतं.

दीड वर्ष असेच शनिवार झाले. एकदाही खाडा नाही. शनिवारी आमच्या घरात नखं कापली जातात, हे आईने बघितलं असतं तर तिला घेरी आली असती.

मग बाई मुनिरकाच्या जिन्यात पडल्या, खुबा मोडला, आणि त्यांची भाची त्यांना नागपूरला घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. पुढच्या शनिवारी दहाला व्हिडिओ कॉल आला. बिछान्यातून फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"पाय दाखवा."

बाबांनी बटण चुकीचं दाबलं, बाईंना छताचा पंखा दिसला. "पंख्याला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पाय." इतक्या वर्षांत बाबा त्यांच्या बोलण्यावर पहिल्यांदा हसले. मी फोन धरायला पुढे झाले, तर म्हणाले, "राहू दे, मी धरतो." एका हाताने फोन, एका हाताने आरसा, धडपडत ते स्वतःच पाय दाखवत राहिले. मला अजूनही बघायची मनाई होती.

गेल्या बुधवारी भाचीचा फोन आला. बाई गेल्या. मी बाबांना सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले आणि पेपर वर केला. तो पेपर कितीतरी वेळ एकाच पानावर होता.

शुक्रवारी दुपारी जुन्या विद्यार्थ्यांनी करोलबागेत एका छोट्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मी ऑफिसातून परस्पर गेले. भाषणं चालू होती, सगळे हसत-रडत पायांच्याच गोष्टी सांगत होते. मी मागे वळून बघितलं आणि दचकले. शेवटच्या रांगेत बाबा उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, एकटे रिक्षाने आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पायात ते अरुंद काळे बूट, आरशासारखे चकचकीत. मान द्यायची बाबांना तेवढी एकच रीत माहीत होती.

आज शनिवार. मी सकाळी चहा घेऊन बाल्कनीत गेले तर बाबा स्टुलावर बसले होते. पुढे वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर टॉर्च आणि बाईंचा हातआरसा. मोजे काढून घडी करून बाजूला ठेवलेले. त्यांचे उघडे पाय मी इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. एका पायाला चारच बोटं होती.

"दहा वाजले," बाबा म्हणाले.

"हो."

"मग बघ ना."

मी चहा खाली ठेवला आणि बसले. एकेक बोट बघितलं, बोटांमधली जागा बघितली. नखं ठीक होती. मग डावा पाय उचलून टाचेमागे आरसा धरला. तिथे रुपयाएवढा फोड आला होता, फुटला होता आणि आत लाल दिसत होतं. कालच्या बुटांचा. एक क्षणभर, खरं सांगते, मला पुन्हा मशीनचं झाकण लावावंसं वाटलं.

"बाबा, टाचेला फोड आहे. फुटलाय."

"दुखत तर काहीच नाही."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

बाबांनी आरसा माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ त्यात बघत राहिले.

"बाई असत्या तर ओरडल्या असत्या," ते म्हणाले.

"हो."

"मग तू ओरड ना."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले, ते बूट आजच्या आज घराबाहेर जातील म्हणून ओरडले, मला कधीच काही का दाखवलं नाहीत म्हणून ओरडले, समोरच्या बाल्कनीतले लोक बाहेर आले तरी थांबले नाही. बाबा खाली मान घालून सगळं ऐकून घेत होते. माझं ओरडून झालं तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"कपाटाखालच्या त्या चपला काढ," ते म्हणाले. "दवाखाना साडेदहाला उघडतो."